पार्किंगच्या शटरची मोटार बदलण्याआधी स्प्रिंग तपासा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नाशिक, पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत जे बंगले आणि रो-हाउस उभे राहिले, त्यांच्यापैकी अनेकांच्या तळमजल्यावर गाडीसाठी बंदिस्त जागा असते आणि तिला दुकानांना असते तसेच गुंडाळले जाणारे लोखंडी शटर असते. पूर्वी हे शटर हाताने उचलत असत. आता त्याला मोटार आणि रिमोट जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. या शटरांच्या दुरुस्तीबाबत एक चुकीची सवय आपल्याकडे पक्की होत चालली आहे, आणि तिच्यामुळे केवळ पैसा वाया जात नाही, तर माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या जिवाला धोका निर्माण होतो. म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे हा विषय वाचकांपुढे आणि महापालिकांपुढे मांडण्याची परवानगी मागत आहे. मी यंत्र अभियंता असून माझी सारी नोकरी कारखान्याच्या देखभाल विभागात झाली. निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीतील शेजारी शटर अडले की मला बोलावतात आणि त्यातून पाहिलेल्या गोष्टींच्या आधारेच हे लिहीत आहे.

ती सवय अशी, की शटर जड झाले, मध्येच थांबू लागले किंवा कर्कश आवाज करू लागले की घरमालक आणि कारागीर दोघांचीही नजर सर्वप्रथम मोटारीकडे जाते. मोटार कमजोर झाली, मोठी बसवा, असा सल्ला दिला जातो आणि तो मानलाही जातो. आमच्याच भागातील एका बंगल्यात याच रीतीने तीनशे किलो क्षमतेची मोटार काढून सहाशे किलो क्षमतेची बसवण्यात आली. शटर पुन्हा चालू लागले, म्हणून सर्वांचे समाधान झाले. प्रत्यक्षात वरच्या पाइपवरील स्प्रिंगांपैकी एक तुटलेली होती आणि नवी मोटार केवळ स्वतःच्या जोरावर सगळे वजन ओढत होती. पुढे काही महिन्यांत त्या शटरच्या वरच्या पट्ट्या वाकल्या, एका बाजूचे ब्रॅकेट भिंतीतून सैल झाले, आणि तेव्हा कुठे स्प्रिंगची तपासणी झाली. मोटारीवर झालेला खर्च स्प्रिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट होता.

हे असे का होते, हे समजण्यासाठी शटरची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. शटरचा पडदा म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या लोखंडी पट्ट्या. त्यांची टोके दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये, म्हणजे उभ्या खाचेच्या पट्टीत, सरकतात. वर छताजवळ एक पाइप दोन ब्रॅकेटांवर बसवलेला असतो आणि त्या पाइपवर स्प्रिंगा असतात. शटर खाली येते तेव्हा स्प्रिंगांना पीळ बसतो आणि ते वर जाते तेव्हा तो पीळ सुटत जाऊन वजन उचलण्यास मदत करतो. यातली खुबी अशी आहे, की शटर जितके खाली येते तितका पडद्याचा लोंबणारा भाग वाढतो, म्हणजे वजन वाढते, आणि जवळपास त्याच प्रमाणात स्प्रिंगचा पीळही वाढत जातो. तीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशा साध्या एका गाडीच्या शटरचा पत्रा १.२५ मिलिमीटर जाडीचा असेल, तर तो सपाट धरला तरी त्याचे वजन सुमारे ७० किलो भरते, आणि पट्ट्यांची वळणे व खालची जाड पट्टी धरल्यास त्याहून बरेच जास्त. तरीही घरातील गृहिणी ते एका हाताने उचलू शकते, याचे सारे श्रेय त्या स्प्रिंगांना आहे. बंगल्यांच्या जुन्या शटरांना जी मोटार मागाहून मध्यभागी पाइपवर बसवली जाते, ती हे गृहीत धरूनच बनवलेली असते की वजनाचा मोठा भाग स्प्रिंगांनी तोलून धरलेला आहे. स्प्रिंग गेली की तो हिशेबच कोलमडतो.

त्यामुळे शटर बिघडले असता पहिली तपासणी हातानेच करायला हवी, आणि ती शटर पूर्ण बंद असतानाच करायला हवी. हा क्रम मी मुद्दाम ठासून सांगत आहे. शटर वर असताना मोटारीचा ब्रेक, म्हणजे मोटार बंद असताना शटर धरून ठेवणारा भाग, सोडला आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर संपूर्ण पडदा क्षणात खाली कोसळतो. शटर अर्ध्यावर अडकले असेल तर घरमालकाने ब्रेकला हात लावू नये, खालून कोणालाही जाऊ देऊ नये आणि कारागिराला बोलवावे. शटर बंद असेल तर मोटारीचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) पाडावा, मोटारीला दिलेल्या किल्लीने किंवा दोरीने ब्रेक मोकळा करावा, आणि दोघांनी दोन्ही बाजूंना उभे राहून शटर सावकाश गुडघ्यापर्यंत उचलावे. ते सहज उचलले गेले, तर कमरेइतके वर न्यावे आणि हात न काढता फक्त पकड सैल करून पाहावी. नीट तोललेले शटर तिथेच थांबते किंवा किंचित हलते. ते जोराने खाली ओढ घेत असेल, तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा एखादी तुटली आहे. आपोआप वर धाव घेत असेल, तर पीळ जास्त झाला आहे. मुळात उचललेच जात नसेल, तर प्रश्न मोटारीचा उरत नाही. ही चाचणी स्प्रिंग असलेल्या शटरांसाठी आहे. ज्या मोठ्या शटरांना एका बाजूला साखळीची मोटार असते आणि स्प्रिंगा नसतातच, त्यांचे सारे वजन साखळी आणि ब्रेकवर असते, आणि त्यांची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

शटर हाताने हलके चालते, पण कुठेतरी अडते, असे आढळले तर दोष बहुधा गाइडमध्ये असतो. गाइडच्या तळाशी पावसाचे आणि फरशी धुतल्याचे पाणी साचून गंज धरतो. गाडी मागे घेताना बंपरचा धक्का लागून गाइड आत दबते. पट्ट्यांच्या टोकांना ज्या क्लिपा असतात, त्यांपैकी एखादी निघाली की ती पट्टी आडवी सरकते, तिचे एक टोक गाइडच्या भिंतीला घासू लागते आणि दुसरे बाहेर येऊ पाहते. अशा वेळी शटर तिरके वर जाते. मोटारीने ते ओढत राहिले, तर एका पट्टीचा दोष शेजारच्या पाच-सहा पट्ट्यांना वाकवतो. गाइडमध्ये ग्रीस भरण्याची सर्वत्र दिसणारी पद्धतही घातक आहे. ग्रीसला धूळ चिकटते आणि काही महिन्यांत तिचा लगदा होऊन शटर पूर्वीपेक्षा जास्त अडते. गाइड डिझेलमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी आणि हवे तर मेणबत्ती घासावी किंवा सिलिकॉनचा हलका फवारा द्यावा. ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात खाऱ्या हवेमुळे गंज बराच लवकर धरतो, म्हणून तिथे नवीन शटर घेताना जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घ्यावा, त्यात काटकसर करू नये.

विजेच्या बाजूचे दोष त्या मानाने सोपे असतात आणि त्यांची लक्षणेही स्पष्ट असतात. भिंतीवरील बटणाने शटर चालते आणि रिमोटने चालत नाही, तर रिमोटची बॅटरी बदलून पाहावी. बटणानेही काही होत नसेल, तर एमसीबी आणि पुरवठा पाहावा. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो किरकोळ किमतीचा भाग आहे. शटर जमिनीला टेकूनही मोटार फिरत राहते आणि पट्ट्या फुगतात, किंवा शटर वीतभर वरच थांबते, तर लिमिट स्विच, म्हणजे शटर कुठे थांबायचे ते ठरवणारा स्विच, सरकलेला असतो. एका लक्षणाबाबत मात्र वाचकांनी विशेष सावध असावे. मोटार चार-दोन वेळा चालून बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप पुन्हा सुरू होते, याचा अर्थ ती तापल्यामुळे तिच्यातील संरक्षक स्विचने तिला थांबवले आहे. घरगुती शटरच्या मोटारी सलग चालण्यासाठी बनवलेल्या नसतात, त्यामुळे एखाद्या दिवशी शटर वारंवार उघडझाप केले तर असे होऊ शकते. पण नेहमीच्या वापरात जर असे होऊ लागले, तर मोटारीवर नको तितका भार येत आहे, आणि तो भार कुठून आला हे शोधायला हवे. नेमक्या याच वेळी मोठी मोटार विकली जाते. लहान मोटार ज्या दोषाची सूचना थांबून देत होती, ती सूचना मोठ्या मोटारीने बंद होते आणि दोष तसाच राहतो.

स्प्रिंगचे काम घरी करू नये, हे मी कोणत्याही अपवादाविना सांगू इच्छितो. आपल्याकडे हौशी माणसे नळ, पंखा, गिझर स्वतः दुरुस्त करतात आणि त्याचे कौतुक वाटते. पण पीळ भरलेल्या स्प्रिंगमध्ये सत्तर-ऐंशी किलोंचा पडदा उचलण्याइतका जोर साठलेला असतो. पीळ देताना किंवा काढताना पाइप पान्याने धरावा लागतो. तो पाना निसटला तर पाइप गर्रकन फिरतो आणि पाना हातावर किंवा तोंडावर आदळतो, आणि हे काम शिडीवर उभे राहून चाललेले असते. दोन माणसे, दोन पाने, भक्कम घोडी आणि पडदा बांधून ठेवण्याची सोय, एवढे असल्याशिवाय कारागिरानेही हे काम सुरू करू नये आणि घरमालकाने त्याला घाई करू नये. एक स्प्रिंग तुटली तर बाकीच्यांनीही तेवढेच फेरे सोसलेले असतात, म्हणून सगळ्या एकदम बदलणेच शहाणपणाचे ठरते. एकच बदलून पैसे वाचवणाऱ्यांना थोड्याच काळात दुसऱ्यांदा घोडी लावावी लागते.

आपल्याकडे रोलिंग शटरसाठी भारतीय मानक आहे. आयएस ६२४८ हे ते मानक असून त्याची आवृत्ती १९७९ची आहे. हाताने ओढून-ढकलून चालणारे शटर बॉल बेअरिंगशिवाय ८ चौरस मीटरपर्यंत आणि बॉल बेअरिंगसह १२ चौरस मीटरपर्यंत असावे, असे त्यात सांगितले आहे. दोन गाड्यांसाठी पाच मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच शटर लावले, तर ते साडेबारा चौरस मीटर होते, म्हणजे ते या मर्यादेच्या बाहेर जाते. तरी असे शटर साध्या स्प्रिंगांवर बसवून त्याला मागाहून मोटार जोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. फॅब्रिकेटरकडे शटरची ऑर्डर देताना या मानकाचा उल्लेख कोटेशनमध्ये लिहून मागावा, पत्र्याची जाडी, बेअरिंग आणि स्प्रिंगांची संख्या नोंदवून घ्यावी. एवढ्याने पुढचे निम्मे त्रास टळतात.

अमेरिकेत हा विषय कसा हाताळला गेला, ते इथे सांगणे आवश्यक वाटते, कारण तेथे घराला जोडलेले गॅरेज आणि त्याचा स्वयंचलित दरवाजा ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि आपल्यापैकी अनेकांची मुले अशा घरांत राहतात. तिथला दरवाजा गुंडाळला जात नाही. तो आडव्या तुकड्यांचा असतो आणि रुळांवरून छताखाली सरकतो, पण त्याचेही वजन स्प्रिंगच तोलते. त्या स्प्रिंगचे आयुष्य साधारणपणे १०,००० उघडझापींचे धरले जाते, म्हणजे रोज चार वेळा उघडझाप असेल तर जेमतेम सात वर्षे. अशा दरवाजांखाली सापडून लहान मुलांचे मृत्यू झाल्यानंतर तेथील संसदेने १९९० साली कायदा केला, आणि १ जानेवारी १९९३पासून बनणाऱ्या, घरगुती गॅरेजचा दरवाजा चालवणाऱ्या प्रत्येक यंत्राला वाटेत काही आल्यास दरवाजा उलटा फिरवणारी सोय आणि त्याशिवाय प्रकाशकिरणाचा सेन्सर किंवा दरवाजाच्या कडेचा स्पर्श-सेन्सर सक्तीचा झाला. प्रकाशाचा सेन्सर जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवायचा असतो, जेणेकरून रांगणारे मूलही किरण अडवील. दरवाजाखाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून तो तिला टेकताच परत वर जातो की नाही, हे घरमालकाने दर महिन्याला पाहावे, अशी सूचना तिथे दिली जाते. ज्यांची मुले तिकडे नव्या घरात गेली आहेत, त्यांनी फोनवर ही एक गोष्ट अवश्य विचारावी.

आपल्याकडे रिमोटने चालणाऱ्या शटरांबरोबर असा सेन्सर क्वचितच बसवलेला दिसतो. तो बाजारात मिळतो, मोटारीच्या नियंत्रण पेटीत त्यासाठी बहुतेकदा जोडणीची जागाही असते, आणि मोटारीच्या किमतीच्या तुलनेत त्याचा खर्च थोडा असतो. तरीही घरमालक मागत नाही आणि बसवणारा सुचवत नाही. वरच्या मजल्यावरील बाल्कनीतून किंवा गाडीत बसून रिमोट दाबला जातो, तेव्हा शटरखाली कोण आहे हे दाबणाऱ्याला दिसतेच असे नाही. आमच्या वसाहतीत मुले संध्याकाळी शटर खाली येत असताना त्याखालून पळत जाण्याचा खेळ खेळतात. हे दृश्य मी पाहतो तेव्हा माझा जीव खालीवर होतो. महाराष्ट्राच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत, जी २०२०मध्ये मंजूर झाली, पार्किंगच्या जागेची मोजमापे बारकाईने दिलेली आहेत. माझी नगरविकास विभागाला आणि महापालिकांना विनंती आहे, की ज्या पार्किंगला मोटारीचे शटर किंवा सरकते गेट आहे तिथे भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी सेन्सर आणि हाताने उघडण्याची सोय या दोन गोष्टी तपासण्याची तरतूद करावी. तसेच आयटीआयमध्ये फिटर आणि शीट मेटलचे अभ्यासक्रम आहेतच. त्यांत शटरच्या स्प्रिंग बदलण्याचे चार दिवसांचे प्रात्यक्षिक जोडले, तर आज केवळ पाहून-पाहून शिकणाऱ्या तरुणांचे हातपाय सुरक्षित राहतील. या मुलांना कोणी शिकवत नाही, आणि अपघात झाला तर त्यांच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही, हे मला फार लागते.

हाताने उघडण्याच्या सोयीबद्दल थोडे अधिक लिहितो. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा वीज गेल्यामुळे काही वृद्धांना गॅरेजचा दरवाजा उघडता आला नाही आणि त्यांचे प्राण गेले. त्यानंतर त्या राज्याने कायदा करून १ जुलै २०१९पासून विकल्या जाणाऱ्या वा बसवल्या जाणाऱ्या अशा घरगुती दरवाजा-यंत्राला बॅटरीची जोड आवश्यक केली. आपल्याकडे वीज जाणे ही नित्याची बाब आहे, आणि काही बंगल्यांत पार्किंगमधूनच घरात जाण्याचा मुख्य रस्ता असतो. अशा घरांत ब्रेक सोडण्याची किल्ली कुठे आहे, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. मी जिथे-जिथे विचारले, तिथे बहुतेकदा ती मोटारीच्या रिकाम्या खोक्यात माळ्यावर निघाली. ती शटरच्या आतील बाजूस, मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर खिळ्याला टांगावी, आणि घरात वृद्ध एकटे राहत असतील तर मोटारीला इन्व्हर्टरची जोड द्यावी.

पावसाळा संपला की दिवाळीपूर्वी घराची रंगरंगोटी सुरू होते आणि शटरलाही तेव्हाच हात लागतो. हाताने तोलून पाहण्याची चाचणी आणि गाइडची सफाई याच सुमारास करावी. रंगाऱ्याला एक सूचना आवर्जून द्यावी, की गाइडच्या आतील बाजूस आणि पट्ट्यांच्या सांध्यांत रंग जाऊ देऊ नये. दरवर्षी एक थर चढून खाच अरुंद होते, आणि मग दिवाळीच्या दुसऱ्याच आठवड्यात मोटार कमजोर झाल्याची तक्रार सुरू होते. ज्यांच्या शटरवर असे थर आधीच चढले आहेत, त्यांनी नवा रंग देण्याआधी गाइड खरवडून मोकळी करून घ्यावी आणि शटर पूर्ण वाळेपर्यंत ते गुंडाळू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र अभियंता
नाशिक